दिवाळीचं पिल्लू, होळीला माजावर

मागच्या अंकात लसीकरणाच्या प्रश्नाला उत्तर देताना मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं : ‘मांजराचं पिल्लू पाच महिन्यांचं व्हायच्या आत त्याचं नसबंदीचं ऑपरेशन उरकून टाका.’ लसीबद्दल पुढे कुणी काही विचारलं नाही, पत्रं आली ती सगळी या वाक्यावर. काही काळजीची, काही चांगलीच तिखट. म्हणून या महिन्याची पत्रपेटी फक्त मांजरांची. कुत्रेवाल्यांनी जरा दम धरावा. कुत्र्यांचं, त्यातही मोठ्या जातींचं, गणित वेगळं असतं. हा पाच महिन्यांचा हिशेब त्यांना परस्पर लावू नये.

आमची चिंगी चार महिन्यांची आहे. आधीचे डॉक्टर म्हणाले होते, वर्षाची झाली की आणा. आता घराजवळ नवीन डॉक्टरबाई आल्यात, त्या म्हणतात याच महिन्यात करू. सासूबाईंचं म्हणणं, एक वेत होऊ द्या, मग काय ते करा. तिलाही एकदा आईपण मिळू दे. एवढ्याशा जिवाला भूल सोसेल का? — एक वाचक, मुलुंड

सासूबाईंपासूनच सुरुवात करते, कारण शेवटचा शब्द त्यांचा असणार असं पत्रावरून दिसतंय. एक वेत झाल्याने मांजरीला फायदा काहीच होत नाही, ना तब्येतीला ना स्वभावाला. आईपण राहून गेलं म्हणून मांजर झुरत नाही. तोटा मात्र मोजता येतो. मांजरीच्या सडांमध्ये होणाऱ्या गाठी दहापैकी आठ-नऊ वेळा कॅन्सरच्या निघतात. कुत्रीच्या बाबतीत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास असतं. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या मांजरींमध्ये या कॅन्सरचा धोका ९१ टक्क्यांनी कमी होता. वर्षाच्या आत झालेल्यांमध्ये ८६ टक्क्यांनी. दुसऱ्या वर्षात केलं तर फायदा अगदीच थोडा, आणि दोन वर्षांनंतर या बाबतीत काही नाहीच. सासूबाईंना हे आकडे वाचून दाखवा. बाईमाणसाला ही गोष्ट पटकन कळते.

आता वय. मांजरीला वर्षाची होईपर्यंत पोरवय असतं, हा गैरसमज घराघरात आहे. चार महिन्यांपासून पुढे कधीही ती माजावर येऊ शकते. सयामी वळणाच्या मांजरी लवकर येतात, पर्शियन बऱ्याच उशिरा, आणि आपल्या गल्लीतल्या देशी मांजरी या दोहोंच्या मधे. शिवाय मांजराचं शरीर उजेडावर चालतं. संक्रांतीनंतर दिवस मोठा व्हायला लागला की माजाचा हंगाम सुरू. घरात रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट असेल तर त्याआधीही. दिवाळीत जन्मलेलं पिल्लू होळीला माजावर येतं. बोका मिळालाच, आणि तो मिळतोच, तर त्रेसष्ट ते पासष्ट दिवसांनी, म्हणजे मे महिन्याच्या मध्यावर, सात महिन्यांची ही पोर चार पिल्लांची आई. त्यांना पाजत असतानाच ती पुन्हा माजावर येऊ शकते. मांजरीचं बीज मीलन झाल्यावरच सुटतं, त्यामुळे बोका गाठला की गर्भ राहण्याची शक्यता दांडगी. तिला ‘वर्षाची झाल्यावर आणा’ म्हणणं म्हणजे गाभण करूनच आणा म्हणण्यासारखं आहे.

माज पहिल्यांदा पाहणारी माणसं घाबरतात. रात्री फोन येतो, ‘डॉक्टर, हिच्या पोटात कळा येतायत, जमिनीवर लोळतेय, विव्हळतेय.’ मी विचारते, पाठीवर शेपटीपाशी हात ठेवला तर मागचा भाग वर उचलून पाय जागच्या जागी मारते का? पलीकडून जरा थांबून उत्तर येतं, ‘हो.’ मग कळा नाहीत, माज आहे. हा गोंधळ आठवडाभर चालतो, आणि बोका नाही मिळाला तर दोन-तीन आठवड्यांनी परत.

मग हे सहा महिने, वर्ष वगैरे आलं कुठून? संशोधनातून नाही, वहिवाटीतून. भुलीची औषधं आणि साधनं आजच्यासारखी नव्हती तेव्हा जनावर जरा मोठं झालेलं बरं, असा व्यवहारी विचार होता, आणि तो पुढे नियम होऊन बसला. २०१६ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या एका कृती गटाने सगळा पुरावा एकत्र पाहून शिफारस केली, की घरच्या मांजरांचं ऑपरेशन पाच महिन्यांच्या आत करावं. पुढच्या वर्षी तिथल्या पशुवैद्यकांच्या मुख्य संघटनेने त्याला पाठिंबा दिला. तुमचे आधीचे डॉक्टर जुन्या पठडीतलं सांगत होते, एवढंच. परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकताना मीही तेच ऐकलं होतं.

भुलीबद्दल तुमची भीती रास्त आहे, पण ती जिथे लागते तिथे लावा. लहान पिल्लाला धोका असतो तो दोन गोष्टींचा : अंग गार पडण्याचा आणि रक्तातली साखर उतरण्याचा. म्हणून आम्ही टेबलावर आधी गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून ठेवतो, पंजांना बबल रॅप बांधतो, पोटावर स्पिरिट कमीत कमी लावतो (ते उडताना अंगाची ऊब घेऊन जातं), आणि डोस पिल्लाचं वजन ग्रॅममध्ये करून काढतो. हे सांभाळलं की पुढचं काम मोठ्या मांजरीपेक्षा सोपं. चिंगीच्या पोटावर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा छेद पुरेल. आत चरबी जवळजवळ नसते, बीजांडकोश लगेच दिसतो, गर्भाशयाची शिंगं दोन-तीन मिलिमीटर जाडीची असतात, शिरा बारीक. हेच माजावर आलेल्या मांजरीत उघडलं की सगळं रक्ताने तट्ट फुगलेलं, आणि गाठ मारताना हात जपून चालवावा लागतो. लहान पिल्लं शुद्धीवरही झटकन येतात. सकाळी केलेलं पिल्लू संध्याकाळी घरी पडद्याला लटकत असतं, आणि मग मालक फोन करून विचारतात, ‘याला थांबवू कसं?’

थांबा असं मी कधी सांगते? पिल्लू हडकुळं असेल, पोट जंतांनी टम्म असेल, नाक-डोळे वाहत असतील, किंवा लसीचे डोस व्हायचे असतील तेव्हा. ट्रायकॅटचा पहिला डोस आठ आठवड्यांना, पुढचा तीन-चार आठवड्यांनी, त्यानंतर आठ-दहा दिवस मधे जाऊ देऊन ऑपरेशन, हा माझा क्रम. चिंगी यात बसत असेल तर नवीन डॉक्टरबाईंची वेळ घेऊन टाका.

आमच्या माळ्यावर मांजर व्याली. सात घरं फिरवून पिल्लं शेवटी आमच्याच पडवीत आणली. पाच आहेत, आता अडीच महिन्यांची. चौघांना घरं मिळाली आहेत. ‘पुढे ऑपरेशन करून घेऊ’ असं सगळे म्हणतात, पण तुम्हाला माहीतच आहे. देण्याआधीच करून टाकता येईल का? की अडीच महिने म्हणजे फारच लवकर? — एक वाचक, रत्नागिरी

‘पुढे करून घेऊ’ याचा अर्थ मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. माणसं खोटं बोलत नाहीत. पिल्लू लाडाचं होतं, मग शाळेच्या परीक्षा येतात, मग गणपती येतात, आणि एक दिवस तीच माणसं आपल्याकडे पाच पिल्लांसाठी घरं विचारत येतात. त्यामुळे हो, देण्याआधी करावं, याच मताची मी आहे. घरची मांजर आपल्या ताब्यात असते, तिच्यासाठी मी चार महिन्यांपर्यंत खुशाल थांबते. आपल्या हातातून जाणाऱ्या पिल्लासाठी थांबत नाही.

आठ आठवडे पूर्ण आणि वजन किमान ९०० ग्रॅम ते एक किलो, या हिशेबाने परदेशातल्या प्राणी-आश्रयगृहांमध्ये हे काम कित्येक वर्षं रोजच्या रोज चाललंय. त्याचे दूरचे परिणामही तपासले गेलेत. अमेरिकेतल्या एका आश्रयगृहातून दत्तक गेलेल्या १,६६० मांजरांचा मागोवा घेऊन २००४ साली निष्कर्ष छापून आले. साडेपाच महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या बोक्यांमध्ये मारामारीतून होणारे गळू कमी, डॉक्टरांवर धावून जाणं कमी, घरात मुताच्या पिचकाऱ्या मारणं कमी. अंगाला वाईट असं काही ठळक दिसलं नाही. मात्र अनोळखी माणसापुढे बुजणं आणि लपणं जरा जास्त दिसलं, तेही सांगायला हवं. पाहुण्यांपुढे पलंगाखाली बसणारं मांजर आणि दर हंगामात विणारं मांजर यातलं मी पहिलं घेईन.

पडवीतल्या पिल्लांसाठी काही गोष्टी पाहा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपली ठेवून एकेकाचं वजन करा आणि किलोच्या खाली असलेल्याला दोन आठवडे थांबवा. जंताचं औषध आधीच झालेलं असू दे. उपाशी ठेवण्याच्या बाबतीत घरोघरी अतिरेक होतो. ‘रात्रीपासून पाणीसुद्धा दिलं नाही’ असं अभिमानाने सांगतात. मोठ्या मांजराचा तो रिवाज पिल्लाला लावला तर साखर उतरून ते भुलीआधीच मलूल होतं. अडीच महिन्यांच्या पिल्लाला तीन-चार तास पोट रिकामं पुरतं, पाणी निघेपर्यंत ठेवावं. नेमकी वेळ तुमचे डॉक्टर सांगतील तीच. भावंडांना एकाच पेटीत न्या, एकमेकांच्या उबेला राहतात. शुद्धीवर आल्यावर लगेच थोडंसं उकडलेलं चिकन किंवा मऊ खाणं द्यायचं. एखादं सुस्त राहिलं, खाईना, तर हिरडीला मध किंवा साखरेचं पाणी चोळायचं आणि डॉक्टरांना कळवायचं.

एक गोष्ट डॉक्टरांना सरळ विचारा : एवढ्या लहान पिल्लांची ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का? सगळ्यांचा हात त्यावर बसलेला नसतो आणि त्यात कमीपणा नाही. हात बसलेला नसेल तर चार महिन्यांपर्यंत पिल्लं तुमच्याकडे ठेवा किंवा सवय असलेल्या दवाखान्यापर्यंत प्रवास करा.

आणि माळ्यावरच्या आईचं काय, ते तुम्ही लिहिलंच नाहीत! पिल्लांचं दूध सुटलं की दोन-तीन आठवड्यांत तिचाही नंबर लावा, नाहीतर गोकुळाष्टमीला परत मला पत्र येईल.

मुलाने न्यू जर्सीत आश्रयगृहातून बोका आणला. दहा आठवड्यांचा असतानाच त्याचं ऑपरेशन झालेलं होतं. मी सहा महिने इथे राहायला आले आहे. हा असाच खुजा राहील का? — एक आजी

आजी, उलट. लांब हाडांच्या टोकांशी वाढीच्या पट्ट्या असतात. शरीरातले लैंगिक संप्रेरक त्या पट्ट्या बंद करतात. संप्रेरक नसले की त्या जरा उशिरा बंद होतात, त्यामुळे हाडं किंचित जास्त वाढतात. नातू-बोका उंचापुरा होईल, तुम्ही फक्त त्याला आडवा वाढू देऊ नका. ऑपरेशननंतर मांजराची भूक वाढते आणि शरीरातला ऊर्जेचा खर्च कमी होतो. साधारण पाव हिस्सा अन्न कमी लागतं. आजी आलेल्या घरात हे किती पाळलं जाईल याची मला कल्पना आहे.

लहानपणी बोक्याचं केलं की मूत्रमार्ग बारीक राहतो आणि पुढे लघवी तुंबते, असं मांजर पाळणाऱ्या दोघातिघांनी ठामपणे सांगितलं. — एक वाचक, कोल्हापूर

ठामपणाला आधार नाही. १९९० च्या दशकात हे मुद्दाम मोजून पाहिलं गेलंय : सात आठवड्यांना केलेले, सात महिन्यांना केलेले आणि मुळीच न केलेले बोके. मूत्रमार्गाच्या रुंदीत फरक निघाला नाही. बोक्याची नळी मुळातच अरुंद, ती निसर्गाची देणगी. लघवी तुंबते ती पाणी कमी पिणं, नुसत्या कोरड्या दाण्यांवर ठेवणं, लठ्ठपणा, घरातला ताण यांच्यापायी. दाण्यांत पाणी घाला, पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा. आणि बोका रेतीच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसून जोर करतोय पण थेंब येत नाही असं दिसलं, तर ‘बद्धकोष्ठ असेल’ म्हणत उद्यावर टाकू नका. तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावतो. रात्र असली तरी निघा.

ऑपरेशनपेक्षा गोळ्या किंवा इंजेक्शन स्वस्त पडतं. मेडिकलवाला बायकांच्या गोळ्यांपैकीच देतो. चालेल ना? — एक वाचक, नागपूर

चालणार नाही. या संप्रेरकांनी मांजरीच्या गर्भाशयात पू होतो, सडांना जमिनीला टेकतील एवढ्या गाठी येतात, मधुमेह होतो. अशी मांजर मग आजारी अवस्थेत टेबलावर येते आणि तेच ऑपरेशन दुप्पट जोखमीचं आणि दुप्पट खर्चाचं होतं. पैशाची अडचण असेल तर मोकळेपणाने तसं सांगा. पशुवैद्यक महाविद्यालयांचे दवाखाने आणि प्राणिमित्र संस्थांची शिबिरं यांत कमी खर्चात काम होतं.

सोसायटीत अकरा मांजरं झाली आहेत. सभेत ठराव आला, पोत्यात घालून लांब सोडून यावीत. मी सेक्रेटरी आहे. दुसरा उपाय सुचवा. — एक वाचक, कोथरूड, पुणे

ठराव इतिवृत्तात लिहू नका, पुरावा होईल. उपासमार होईल अशा जागी प्राणी टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय जागा रिकामी झाली आणि मासळीची डोकी टाकणारे हात तेच राहिले, की शेजारच्या इमारतीतली मांजरं येतात. भटक्या मांजरांच्या नसबंदीचं काम मुंबई आणि पुणे महापालिकांनीही हाती घेतलेलं आहे, तिथे अर्ज द्या. सुरुवात पिल्लांपासून आणि मांजरींपासून करा. दोन-तीन महिन्यांची पिल्लं खाऊच्या वासाने सहज पकडली जातात, सहा महिन्यांनी तीच पिंजऱ्याकडे बघतसुद्धा नाहीत. ऑपरेशन झालेल्याच्या कानाचं टोक भुलीतच कापून ठेवतात, म्हणजे तेच मांजर पुन्हा टेबलावर येत नाही. आणि मांजरांना रोज खायला घालणाऱ्या ज्या बाईंवर सभेत सगळे तुटून पडले असतील, त्यांनाच या कामाचं प्रमुख करा. पिंजऱ्यात मांजर घालायचं तर ती त्यांच्याच हाताला येते.

बोक्याला कशाला करायचं? पिल्लं काय तो आणून देणार आहे? आणि केलंच तर काळजी काय घ्यायची? — एक वाचक, सांगली

तुमच्या दारात नाही आणून देणार, शेजारच्या दारात देईल. पण स्वार्थच पाहायचा तर सोफ्यावरच्या पिचकारीचा विचार करा. ती सवय लागायच्या आधी केलं तर बहुतेक बोके त्या वाटेला जातच नाहीत; लागल्यावर केलं तर काही जणांची राहते. बोक्याचं काम काही मिनिटांचं. पिल्लात तर शुक्रनलिकेची स्वतःचीच गाठ मारता येते, बाहेर टाका नसतो. मात्र दोन्ही वृषणं खाली उतरलीत का हे आधी हाताने बघून घ्या. एक आत अडकलं असेल तर पोट उघडून काढावं लागतं, ते सोडून देऊ नये. मोठ्या बोक्याचं केलं असेल तर पुढचा महिना-दीड महिना त्याला मांजरींपासून लांब ठेवा, नळीत उरलेलं बीज तेवढे दिवस काम करू शकतं.

काळजी म्हणाल तर जखम चाटू द्यायची नाही. पिल्लांना गळ्यातला कोन मोठा होतो, तेव्हा स्वच्छ पायमोज्याला चार पायांची भोकं पाडून अंगात चढवा, झकास बसतो. ट्रेमध्ये चार दिवस रेतीऐवजी वर्तमानपत्राच्या पट्ट्या. हळद, तूप, राख, पावडर काहीही लावायचं नाही. आणि दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर अजिबात नाही. अर्ध्या गोळीने मांजर मरतं, कारण ते औषध मोडण्याची सोय त्याच्या यकृतात जवळजवळ नसते.

आमचा बाळू पाच महिन्यांचा, काळा-पांढरा-भगवा असा तीन रंगांचा बोका आहे. हल्ली रात्रभर गच्चीवर असतो, आठवडाभर ओरडत होता, आता शांत झालाय. एवढ्यात ऑपरेशन करावं का? — एक वाचक, नाशिक

बाळूला उजेडात धरून शेपटी वर करा. बोक्याच्या पिल्लात वरचं आणि खालचं छिद्र ही दोन्ही गोल आणि एकमेकांपासून सुटी दिसतात, विसर्गासारखी. मधे वृषणांना जागा असते. मांजरीत ती जवळजवळ असतात आणि खालचं उभी छोटी रेघ असते. पण मी न बघताच सांगते, तुम्हाला रेघ दिसेल. काळा आणि भगवा रंग एकत्र यायला दोन एक्स गुणसूत्रं लागतात, त्यामुळे तीन रंगांचं मांजर हे जवळजवळ नेहमी मादी असतं. क्वचित बोका निघतो, तो बहुधा नापीक.

तेव्हा बाळूताई आठवडाभर का ओरडत होत्या आणि आता शांत का झाल्या, हे तुमच्या लक्षात आलं असेल. याच आठवड्यात दवाखान्यात न्या, गच्चीचं दार आजपासून बंद, आणि डॉक्टरांना आधीच सांगा की गाभण असण्याची शक्यता आहे.